‘वाकू नका’ ते ‘वाकून बघा’ : माझ्या कंबरदुखीचे सहा महिने

१८ जून २०२४, मंगळवार. शाळा उघडून दुसराच दिवस, कारण मध्ये बकरी ईदची सुट्टी आली होती. पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे वर्गात न्यायचे होते. तिसरीचा गठ्ठा उचलायला वाकले आणि कमरेत अशी उसण भरली की तशीच अर्धवट वाकलेली राहिले. श्वास घेतला तरी कळ. दोन पोरींनी धरून खुर्चीत बसवलं. नवरा मोटरसायकलवर न्यायला आला होता, पण मागे बसता येईना. शेवटी शेजाऱ्यांच्या गाडीत मागच्या सीटवर आडवी होऊन घरी आले.

मी फलटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय ४१, नोकरीला १७ वर्षं. हे लिहिते आहे ते कंबर धरलेली, हातात एमआरआयचं पाकीट घेऊन एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरणारी माझ्यासारखी कुणी असेल, तिच्यासाठी. मी डॉक्टर नाही. माझ्या बाबतीत काय झालं, एवढंच सांगते.

पहिल्या दिवशी नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. इंजेक्शन, गोळ्या, ४०० रुपये. “तीन दिवस पाठ टेकून पडून राहा, उठायचं फक्त बाथरूमपुरतं,” असं त्यांनी सांगितलं. मी पाच दिवस पडून राहिले. तीन दिवसांत बरं वाटलं नाही, तेव्हा आराम कमी पडला असेल असंच वाटलं. पाचव्या दिवशी उठले तर पाय लटपटत होते आणि कंबर लाकडासारखी ताठ झाली होती.

२४ जूनला हाडांच्या डॉक्टरांकडे. दोन तास थांबले, आत सहा मिनिटं. तपासणी ५००, एक्स-रे ६००. एक्स-रे दिव्यासमोर धरून ते म्हणाले, “मणक्यांतली गॅप कमी झालीय. झीज आहे.” कमरेचा पट्टा लिहून दिला, ८५० रुपये. आणि एक छापील कागद दिला. तो अजून माझ्याकडे आहे. पुढे वाकू नये. जमिनीवर बसू नये. मांडी घालू नये. पाच किलोच्या वर उचलू नये. दुचाकी टाळावी. भारतीय पद्धतीचा संडास वापरू नये. मऊ गादीवर झोपू नये. एकूण अकरा ओळी. कधीपर्यंत, ते त्यात कुठेच नव्हतं. मी विचारलं, तर ते जायची घाई असूनही प्रेमाने म्हणाले, “आता ही काळजी कायमचीच घ्यायची.”

घरी येऊन सासूबाईंनी तो कागद फ्रीजवर लावला. त्या दिवसापासून मी घरात पाहुणी झाले. कणीक मळायची नाही, केर काढायचा नाही, खाली पडलेला चमचासुद्धा मुलगा उचलणार.

एमआरआय २ जुलैला झाला. ६,००० रुपये, अहवाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तो मी घरी येऊन स्वतःच वाचला, आणि ही माझी मोठी चूक. एल-४, एल-५ आणि एल-५, एस-१ (कमरेच्या तळाचे मणके) या दोन जागी मणक्यांमधल्या चकतीचा, म्हणजे गादीचा, फुगवटा, चकत्यांमधलं पाणी कमी झालेलं, नसेच्या मुळावर किंचित दाब. शब्द एवढे भीतिदायक की रात्री झोप लागली नाही. डॉक्टर म्हणाले, “गादी सरकलीय. जपलं नाही तर ऑपरेशनची वेळ येईल.” त्यानंतर कूस बदलतानाही मला वाटायचं, आत काहीतरी निसटेल.

एकादशीच्या आठवडाभर आधी ज्ञानेश्वर माऊलींची पालखी फलटणला मुक्कामाला असते. लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी आमच्या दारात वारकऱ्यांच्या पंगती बसतात, आणि भाकऱ्या थापायला मी, जाऊ आणि सासूबाई. त्या वर्षी मी आतल्या खोलीत पट्टा बांधून पडले होते. बाहेर टाळ वाजत होते. एक म्हातारी माउली आत येऊन माझ्या कमरेवरून हात फिरवून गेली, म्हणाली, “माझी बी धरती गं, चालाय लागलं की सुटती.” तेव्हा मला तिचा राग आला होता. माझा एमआरआय तिने कुठे बघितला होता!

जुलैतच ट्रॅक्शन घेतलं. कमरेला पट्टा बांधून वजनाने ओढायचं, मग शेकायचं, मग दोन पॅड लावून करंट. दहा दिवस, रोज ३०० रुपये. तिथले फिजिओथेरपिस्ट सांगायचे, मणके ओढून गॅप वाढवतो आहोत. ओढल्यावर तासभर हलकं वाटायचं आणि घरी पोचेपर्यंत पुन्हा तेच. एकही व्यायाम शिकवला नाही, कारण “आधी दुखणं शून्यावर येऊ दे.” ते शून्यावर आलं नाही.

आता रजेचं सांगते, कारण यात फार जण अडकतात. मी १९ जून ते ३ ऑगस्ट, ४६ दिवस परिवर्तित रजा घेतली. वैद्यकीय प्रमाणपत्रावर मिळणारी ही रजा पूर्ण पगारी असते, पण अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. माझे ९२ गेले. वर्षाला २० या हिशोबाने साठलेल्या होत्या म्हणून निभावलं. अर्ज करण्याआधी सेवापुस्तकातला रजेचा हिशोब स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या.

हजर होताना फिटनेस प्रमाणपत्र लागतं. डॉक्टरांनी ते दिलं, आणि खाली लिहिलं : पुढे वाकणे, ओझे उचलणे, जास्त वेळ उभे राहणे टाळावे. मुख्याध्यापकांनी पंचायत समितीत पाठवलं, तिथून परत आलं. सशर्त चालत नाही. फिट आहे की नाही, एवढंच लिहून आणा. पुन्हा दवाखाना, पुन्हा दीड तास, पुन्हा ३०० रुपये. डॉक्टरांनी नवीन कागदावर ‘कर्तव्यावर हजर होण्यास योग्य’ एवढंच लिहिलं आणि तोंडी म्हणाले, “मॅडम, पण वाकायचं नाही बरं का.”

म्हणजे ५ ऑगस्टला मी हजर झाले तेव्हा सेवापुस्तकातल्या कागदावर पूर्ण बरी होते आणि फ्रीजवरच्या कागदावर कायमची अधू. निम्मं काम द्या, महिनाभराने पूर्ण द्या, अशी सोय दोन्हीकडे नव्हती. मी फ्रीजवरचा कागद पाळला.

शाळेत सगळे फार चांगले वागले. पोरं मला खडूसुद्धा उचलू देईनात. पण माझं शिकवणं म्हणजे जमिनीवर गोल करून बसणं, पोरांच्या मध्ये पुस्तक ठेवून बोट फिरवत वाचणं. आता मी खुर्चीत आणि ती खाली. एका मुलीने विचारलं, “बाई, तुम्ही आता आमच्यात कधीच नाही बसणार?” मी घरी येऊन खूप रडले.

ऑगस्टच्या शेवटी एका वैद्यांकडे सात दिवस कटिबस्ती घेतली. कमरेवर उडदाच्या पिठाचं आळं करून त्यात कोमट तेल ठेवतात. ७०० रुपये रोज. खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासात मला सगळ्यात शांत वाटायचं, आणि वैद्यबुवांनी पहिल्यांदाच झोपेबद्दल, घरच्या ताणाबद्दल विचारलं. पण त्यांनीही निघताना सांगितलं : वाकणं बंद, प्रवास बंद, शिवाय वाटाणा-हरभरा बंद. अकरा ओळींचा कागद चौदा ओळींचा झाला.

गणपतीत, ७ सप्टेंबरला, मोदक वळायला मी ओट्यापाशी उभी राहिले. पंधरा मिनिटांत कंबर भरून आली आणि मी पुन्हा आडवी झाले. त्या संध्याकाळी जाऊ म्हणाली, “ताई, तीन महिने झाले. आणखी कुणाला तरी दाखवू.” तिच्या ओळखीने पुण्यातल्या मणक्याच्या सर्जनची वेळ मिळाली, १९ सप्टेंबर. मी जाताना धरूनच चालले होते की आता ऑपरेशन.

सर्जननी एमआरआय बाजूला ठेवला आणि मला टाचांवर चालायला लावलं, मग चवड्यांवर. पायाचा अंगठा दाबून धरून वर उचलायला सांगितला. गुडघ्यावर आणि घोट्यावर हातोडी मारली. तीन महिन्यांत माझ्या पायांना हात लावणारे ते पहिलेच. मग भराभर प्रश्न : लघवी अडते का, नकळत होते का? बसायच्या जागेला बधिरपणा? पायातली ताकद कमी होतेय? ताप, वजन घटणं, पूर्वी कधी कॅन्सर, पडल्याचा मार? सगळ्याला नाही म्हणाले. यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर माझा अनुभव बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. लघवी किंवा संडासवरचा ताबा जाणं, बसायची जागा बधिर होणं, पाय लुळा पडत जाणं, यात तर तासांचा हिशोब असतो, थेट मोठ्या दवाखान्यात.

“ऑपरेशनसारखं काही नाही,” ते म्हणाले. “या वयात असे एमआरआय रस्त्यावरच्या निम्म्या लोकांचे निघतील.” मला वाटलं, धीर देताहेत. १,००० रुपये फी आणि त्याच दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी.

त्या बाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. त्यांनी पाऊण तास दिला. आधी एक प्रश्नावली भरून घेतली, ऑस्वेस्ट्री नावाची. दहा भाग : दुखणं किती, स्वतःचं आवरणं, उचलणं, चालणं, बसणं, उभं राहणं, झोप, लैंगिक जीवन, लोकांत मिसळणं, प्रवास. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. माझे ५० पैकी २४ आले, म्हणजे ४८ टक्के अडचण. मग त्यांनी कोरा कागद दिला. “मॅडम, दुखतं म्हणून नाही, कुणीतरी सांगितलं म्हणून जे सोडलंय ते लिहा.” मी सतरा गोष्टी लिहिल्या. लिहिता लिहिता लक्षात आलं की यातल्या नऊ गोष्टी जूनपासून मी एकदाही करून बघितल्या नव्हत्या. त्या केल्या तर दुखतं का, हे मला माहीतच नव्हतं.

“आता वाकून बघा,” त्या म्हणाल्या.

मला घाम फुटला. हात गुडघ्यापर्यंत गेले, थोडं ओढलं, आणि काहीही निसटलं नाही. पुन्हा केलं. पाचव्या वेळी हात पोटरीच्या निम्म्यात पोचले. मी तिथेच रडायला लागले आणि त्या शांतपणे बसून राहिल्या.

तिसऱ्या खेपेला मी त्यांना विचारलं की सगळे शिकलेले डॉक्टर, मग सांगणं इतकं वेगळं का. त्यांनी कॉम्प्युटरवर एक प्रश्नावली उघडली. ही रुग्णांसाठी नाही, आमच्यासाठी आहे, म्हणाल्या. एचसी-पेअर्स असं तिचं नाव. जेम्स रेनविल या डॉक्टरांनी सहकाऱ्यांबरोबर १९९५ साली मांडलेली, १५ विधानांची. कंबर दुखते म्हणजे माणसाला रोजची कामं सोडावीच लागणार, अशा धर्तीची विधानं, आणि उपचार करणाऱ्याने आपण किती सहमत आहोत ते आकड्यात सांगायचं. दुखणं असलं की अधूपण येणारच, असं उपचार करणाराच किती मानतो, ते यातून मोजतात. माझ्या डोळ्यांसमोर एकेक दवाखाना आला. फ्रीजवरचा कागद कुणीतरी मनाने या विधानांना ‘पूर्ण सहमत’ म्हणूनच लिहिलेला होता.

बाई म्हणाल्या की कॉलेजात त्याही ट्रॅक्शनच आधी शिकल्या, आणि पहिली दोन वर्षं पेशंटला ‘वाकू नका’ हेच सांगायच्या. हे त्यांनी लपवलं नाही, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

नंतर मी घरी बसून जे वाचलं, त्यातलं थोडं सांगते, कारण ते मला जूनमध्ये कळायला हवं होतं. २०१५ मध्ये एका आढाव्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या तपासण्या एकत्र केल्या होत्या. चाळिशीच्या लोकांत ६८ टक्के जणांच्या चकत्यांची झीज दिसली आणि ५० टक्के जणांना फुगवटा. त्यांचं काहीच दुखत नव्हतं! सर्जन धीर देत नव्हते, खरं तेच सांगत होते. १९९५ सालचा हेलसिंकीचा अभ्यास वाचला. तिथल्या महापालिकेच्या कर्मचाऱ्यांची कंबर धरली तेव्हा काहींना दोन दिवस झोपवून ठेवलं, काहींना ठरावीक व्यायाम दिले, काहींना झेपेल तशी रोजची कामं करायला सांगितली. रोजची कामं करणारे सगळ्यात लवकर सुधारले. माझ्यासारखेच नोकरदार लोक, आणि मी पाच दिवस छताकडे बघत पडले होते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे मला उसण भरायच्या सहा महिने आधी, जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात समजावून सांगणं आणि व्यायाम यांना जागा आहे. कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन नेहमीच्या उपचारात वापरू नयेत, असं स्पष्ट म्हटलंय.

मला कुणाचीही बदनामी करायची नाही. प्रत्येकाने मला जपायलाच सांगितलं, आणि वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. पण माझं दुखणं जुलैअखेरीस बरंच उतरलं होतं, हे वहीतल्या नोंदींवरून आज दिसतं. तरी मी अडीच महिने जमिनीवर बसले नाही. ते दुखण्यामुळे नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९९७ पासून टीव्हीवर जाहिराती देऊन लोकांना सांगितलं की पाठ दुखली तरी हालचाल चालू ठेवा, आणि तिथे लोकांबरोबर डॉक्टरांचेही समज बदलले. आपल्याकडे दूरदर्शनवर, मराठीत असं काही व्हावं असं मला मनापासून वाटतं.

पुढचं हळूहळू झालं. साधारण दर दोन आठवड्यांनी, मध्ये दिवाळी सोडून, एकूण सहा खेपा, प्रत्येकी ६०० रुपये. फलटण ते स्वारगेट एसटी. महिलांना अर्धं तिकीट असल्याने ते परवडलं. प्रवासाचीही मला भीती होती, म्हणून बाईंनी तोच व्यायाम केला : पहिल्यांदा जेजुरीला उतरून दहा मिनिटं चालून पुढची गाडी धरायची, नंतर सलग. घरी दोन लिटरची पाण्याची बाटली जमिनीवरून उचलायची, मग पाच लिटरचा कॅन, मग कळशी. पाठ सरळ ठेवून की गोल करून, हे विचारलं तर म्हणाल्या, “दोन्ही. आयुष्यात दोन्ही लागतं.” पट्टा आधी दिवसातून एक तास काढायचा, मग दोन. दसऱ्यापर्यंत तो कपाटात गेला.

मध्ये एकदा कोसळले. नवरात्र बसल्यावर दुसऱ्याच दिवशी घर पुसताना पुन्हा चमक भरली. मी सगळं सोडून पलंगावर, आणि बाईंना फोन. मला वाटलं आता पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी आधी तेच पाय-लघवीचे प्रश्न विचारले, मग म्हणाल्या, “दोन दिवस सगळं निम्म्यावर आणा. शून्यावर नाही.” पुसायचं एकच खोली, कळशीऐवजी बाटली, चालणं दहा मिनिटं. चौथ्या दिवशी मी होते तिथे परत आले. जूनमधल्या उसणीला ४६ दिवसांची रजा लागली होती.

फ्रीजवरचा कागद सासूबाईंनी स्वतः काढला. त्यांना पटवणं सोपं गेलं नाही. शेवटी मी त्यांना एकदा पुण्याला घेऊन गेले. बाईंनी त्यांनाच विचारलं, “आजी, तुमची कधी धरली होती का?” धरली होती, १९८४ साली, भांगलणीत. मग काय केलं? “काय करणार, दोन दिवसांनी पुन्हा रानात.” घरच्या माणसाला एका तरी खेपेला बरोबर न्या. घरात ‘राहू दे, मी करते’ म्हणणारे तेच असतात.

खर्चाचा हिशोब वहीत आहे. गोळ्यांचे १,१४० आणि हाडांच्या डॉक्टरांकडच्या पुढच्या दोन खेपांचे ६०० (फिटनेसचे ३०० त्यातच) धरून २२,५९० रुपये, एसटी वेगळी. त्यातले पुण्याचे ४,६००. दाखल झाले नव्हते, सगळं बाह्यरुग्ण, म्हणून प्रतिपूर्तीचा प्रस्ताव कारकुनाने घेतलाच नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी विधानसभेच्या निवडणुकीचा आदेश आला. मतदान २० नोव्हेंबरला. मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, एमआरआय जोडून अर्ज करा, नाव वगळतील.” मी दोन रात्री विचार केला. पाकीट काढून टेबलावर ठेवलंही. मग बाईंना विचारलं, तर त्यांनी हो-नाही काहीच सांगितलं नाही. त्यात काय काय करावं लागतं, एवढंच विचारलं. मी सांगितलं : साहित्य ताब्यात घेताना तासनतास उभं राहणं, बसचा प्रवास, यंत्रांच्या पेट्या, दिवसभर एका जागी बसणं. आम्ही दोन आठवडे नेमकं तेवढंच करून बघितलं. अर्ज केला नाही.

१९ तारखेला शेजारच्या मतदारसंघातल्या एका गावात पोचलो. पेट्या दोघी-दोघींनी धरल्या. पहाटे पोचायला गाडी नव्हती म्हणून आम्ही शिक्षिका तिथल्याच शाळेत मुक्कामी राहिलो, फरशीवर सतरंजी टाकून. झोपताना छातीत धडधड होती. चार वाजता जाग आली. कंबर दुखत होती, ठणकत होती म्हटलं तरी चालेल. उठले, व्हरांड्यात वीस फेऱ्या मारल्या, खाली वाकून हात पावलांपर्यंत नेले. साडेपाचला अभिरूप मतदान, सातला खरं. दर तासाला दोन मिनिटं उभी राहत होते, केंद्राध्यक्षांना आधीच सांगून ठेवलं होतं. सहाला मतदान संपलं. साहित्य जमा करून घरी पोचायला रात्रीचे दीड वाजले.

१२ डिसेंबरला शेवटची खेप. ऑस्वेस्ट्री पुन्हा भरली, ५० पैकी ७. म्हणजे १४ टक्के. लांबच्या प्रवासानंतर आणि पहाटे अजून दुखतं. दुसऱ्या दिवशी वर्गात खुर्ची भिंतीला लावली आणि पोरांना गोल करायला सांगितलं.